मदत हवी आहे : अभ्यासाला अध्यात्माची जोड

नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे रोज हाताने उत्तरं लिहिण्याला पर्याय नाही. तो ते मनापासून करतो. ‘पैसे भरा, काम करून देतो’ म्हणणाऱ्या एकाला त्याने सरळ नकार दिला. मला फार अभिमान वाटला. पण हल्ली त्याचं मन थकतं, झोप लागत नाही. ज्ञानेश्वरीचा ध्यानाबद्दलचा सहावा अध्याय त्याला कुणा जाणत्याकडून समजून घ्यायचा आहे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था (जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली) माहीत आहे, पण तिकडे राहून शिकणं आत्ता शक्य नाही. पेठांत किंवा आळंदी-देहूला रविवारी निरूपण करणारं कुणी आहे का? अंगठ्या-तोडगे सांगणारे कृपया नकोत.