मुलगी नववीत, बाबा स्टुटगार्टला: दहावी पुण्यात पूर्ण करावी की आधीच निघावे?

पाटीवाली

नमस्कार. माझे यजमान जानेवारीपासून जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) आहे आणि नोकरी कायमस्वरूपी आहे. आमची मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या शाळेत सेमी-इंग्रजीतून नववीत शिकते. येत्या ऑगस्टमध्ये तिला १५ वर्षे पूर्ण होतील. गणित आणि विज्ञान चांगले आहे, पुढे अभियांत्रिकीकडे जायचे तिच्या मनात आहे. जर्मनचा गंध नाही, कारण शाळेत तिने संस्कृत घेतले.

घरात दोन तट पडले आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे, की बोर्डाचे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पोरीला हलवू नये. एक वर्ष त्या तिला कोथरूडच्या घरी आनंदाने सांभाळतील आणि दहावीचा निकाल लागला की ती आमच्याकडे येईल. यजमानांना मात्र ती एप्रिलची वार्षिक परीक्षा देऊन मे महिन्यात माझ्याबरोबरच यायला हवी आहे. मुलीला विचारले तर ती ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणते, पण मागच्या रविवारी तिने अप्पा बळवंत चौकातून दहावीची जुनी पुस्तके आणली, यावरून काय ते समजा.

तिकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क वर्षाला २०,००० युरोच्या घरात जाते. ते आम्हाला झेपणारे नाही, म्हणजे सरकारी शाळाच गाठावी लागेल. या वयात, भाषा येत नसताना, तिला कोणत्या वर्गात घेतील? वर्ष वाया जाईल का? आणि हातात असलेल्या पाच-सहा महिन्यांत नेमके काय करून घ्यावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेकारकाठ

आम्ही सात वर्षांपूर्वी मुलाला आठवी संपताच इकडे आणले, तेव्हा आमच्याही घरी हाच वाद झाला होता. माझे मत आधीच सांगतो: मे महिन्यात आणा. दहावीच्या निकालासाठी थांबण्यात जे मिळेल त्यापेक्षा जे जाईल ते मोठे आहे.

जर्मनीत शिक्षण हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे बर्लिन किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्यांचे अनुभव तुम्हाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तुमचे राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग. इथे जर्मन न येणाऱ्या शाळकरी मुलांना पूर्वतयारीच्या वर्गात बसवतात. तिथे दिवसातले बरेचसे तास जर्मन असते आणि खेळ, चित्रकला, जमल्यास गणित अशा विषयांना मूल हळूहळू नेहमीच्या वर्गात जाऊ लागते. हा वर्ग १४-१५ वर्षांच्या मुलासाठी सर्वसाधारण शाळेत असतो. १६ च्या पुढे येणाऱ्या मुलांची रवानगी मात्र बहुधा व्यावसायिक शाळांमधल्या भाषावर्गात होते, आणि तिथून पुन्हा विद्यापीठाच्या वाटेला लागणे अशक्य नसले तरी फार वळसा घालून होते. तुमच्या मुलीची दहावीची परीक्षा, निकाल, व्हिसा हे सगळे उरकेपर्यंत ती नेमकी १६ च्या उंबरठ्यावर येईल. माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका गोष्टीतच आहे.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक कायद्याची बाब: १६ पूर्ण झालेले मूल आईवडिलांबरोबर न येता मागाहून येत असेल, तर त्याच्याकडून सी१, म्हणजे बऱ्याच वरच्या पातळीचे जर्मन मागितले जाऊ शकते. ब्लू कार्डधारकांच्या मुलांना यातून सूट आहे, म्हणून तुम्हाला याची चिंता नाही; पण सगळ्यांचे परवाने तसे नसतात.

आता शाळांविषयी. इथे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जिम्नॅशियम ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा (माझ्या सासऱ्यांना बरेच दिवस नातू तालमीत जातो असे वाटत होते), रेआलशूलमध्ये दहावीनंतर मधल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळते, आणि गेमाइनशाफ्ट्सशूलमध्ये सर्व पातळ्यांची मुले एकत्र शिकतात. आपल्याकडची ९२ टक्क्यांची गुणपत्रिका पाहून आपल्याला वाटते, की मुलीला जिम्नॅशियमच मिळायला हवे. आम्हीही तोच हट्ट धरला. पहिल्या शाळेने जागा नाही म्हणून परत पाठवले, दुसरीने घेतले, आणि वर्षभर पोरगा इतिहासाच्या तासाला भिंतीकडे पाहत बसला. इथले जिम्नॅशियम पुन्हा नऊ वर्षांचे होत आहे, पण २०२५-२६ पासून पाचवी-सहावीपासून सुरुवात झाली. त्यापुढचे वर्ग अजून आठ वर्षांच्या घाईच्या अभ्यासक्रमातच आहेत. शिवाय तिथे दुसरी परकीय भाषा असते, म्हणजे मूल जर्मन शिकत असतानाच वर्गातली मुले फ्रेंचच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असतात.

या राज्यात एक वाट अशी आहे जी आपल्या लोकांना उशिरा कळते. रेआलशूल किंवा गेमाइनशाफ्ट्सशूलमधून दहावीचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग व्यावसायिक जिम्नॅशियमची तीन वर्षे करायची. त्यात तंत्रविषयक शाखा असते, दुसरी परकीय भाषा तिथे पहिल्यापासून सुरू करता येते, आणि शेवटी मिळते ते आबिटूर (विद्यापीठ प्रवेशाला पात्र करणारे शालान्त प्रमाणपत्र) पूर्ण आबिटूरच असते, दुय्यम नव्हे. प्रवेशासाठी जर्मन, गणित आणि इंग्रजी यांची सरासरी ३.० किंवा त्याहून चांगली लागते. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट, हे आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरीला १ मिळाला म्हणून घरात रडारड व्हायची. आमचा मुलगा शेवटी याच वाटेने गेला आणि आता तो यंत्र-अभियांत्रिकी शिकतो. त्याला एक वर्ष खालच्या वर्गात घेतले होते. ते वर्ष वाया गेले असे आम्ही तेव्हा सर्वांना सांगत होतो, पण जर्मन त्याला खऱ्या अर्थाने आली ती त्याच वर्षात.

बोर्डाच्या प्रमाणपत्राबद्दल: नववीपर्यंतच्या गुणपत्रिका इथल्या शाळेला पुरतात. नुसती भारतीय बारावी घेऊन इथल्या विद्यापीठात सरळ प्रवेश सहसा मिळत नाही, मग दहावीचे काय घेऊन बसलात. उलट, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून हे राज्य दर सत्राला १,५०० युरो घेते, ते इथले आबिटूर केलेल्यांना द्यावे लागत नाहीत.

शब्दपेटी

मी पुण्यात शाळकरी मुलांना जर्मन शिकवते, त्यामुळे फक्त त्या पाच-सहा महिन्यांविषयी लिहिते.

मॅक्समुल्लर भवनात किशोरवयीन मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. ए१ आणि ए२ या भाषेच्या पहिल्या दोन पातळ्यांसाठी मुलांच्या परीक्षाही वेगळ्या आहेत. नववीचा अभ्यास सांभाळून मे महिन्यापर्यंत ए१ पूर्ण आणि ए२ अर्धी, एवढे तिला जमेल. त्याहून अधिक ओढू नका. भाषेची धास्ती घेऊन गेलेली मुले तिथे तोंडच उघडत नाहीत, आणि तिथे तर वर्गात तोंडी सहभागाला गुण असतात. आपल्याकडची हुशार मुले नेमकी इथे मार खातात: पेपरात सगळे बरोबर, पण तासाला हात वर नाही. म्हणून तिला रोज दहा मिनिटे चुकतमाकत बोलायला लावा.

संस्कृत घेतले याचे वाईट वाटून घेऊ नका. विभक्ती म्हणजे काय हे तिला समजावून सांगावे लागणार नाही, आणि जर्मनमध्ये त्या चारच आहेत. तीन लिंगे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जड जातात, पण मराठी घरातल्या मुलाला तो-ती-ते आईच्या दुधाबरोबर आलेले असते. अडचण फक्त एवढीच, की आपले ‘ते’ टेबल तिकडे पुल्लिंगी आणि आपली ‘ती’ मुलगी तिकडे चक्क नपुंसकलिंगी. तेव्हा प्रत्येक नाम लिंगासकट पाठ करायचे, नंतर जोडू म्हणायचे नाही. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते. ही रचना मराठी मुलांना इंग्रजीपेक्षा लवकर बसते, असे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

दुसरी तयारी गणिताची, आणि ती कोणी करून घेत नाही. गणित तिला येते, पण ते लिहायची पद्धत वेगळी आहे. दशांशचिन्हाच्या जागी तिकडे स्वल्पविराम असतो आणि हजाराच्या जागी टिंब. भागाकाराला नुसता अपूर्णविराम. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या महिन्यात फळ्यावरचा एकचा आकडा सात म्हणून उतरवून घेत होती, कारण जर्मन शिक्षक एकला डावीकडे लांब शेपूट देतात आणि सातला मध्ये आडवी रेघ मारतात. सगळी उदाहरणे चुकली आणि का चुकली हे तिला आठ दिवस कळले नाही. तेव्हा गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातले दोनेकशे शब्द (समीकरण, अपूर्णांक, काटकोन, घनता, वेग) एका वहीत मराठी-इंग्रजी-जर्मन असे तीन रकान्यांत तिला स्वतःच्या हाताने लिहू द्या. छापील यादी विकत आणून देऊ नका.

परतीचा_पाऊस

वरच्या मतांचा आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो. आम्ही तीन वर्षांच्या करारावर गेलो होतो, मुलगी तेव्हा नववीतच होती. परत यायचे हे ठाऊक असूनही आम्ही तिला तिथल्या सरकारी शाळेत घातले. तिला भाषा जेमतेम जमू लागली आणि आमचा परतीचा दिवस आला. इथे आल्यावर समकक्षतेच्या कागदांसाठी खेटे घातले, अकरावी विज्ञानाचा अभ्यास अनोळखी वाटला, आणि खासगी शिकवण्यांवर दोन वर्षे काढली. करार ठरावीक मुदतीचा असेल तर माझा सल्ला सासूबाईंच्या बाजूने पडला असता.

तुमची नोकरी कायमस्वरूपी आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी आडवा येत नाही. पण यजमानांबरोबर बसून, मुलगी शेजारी नसताना, एका प्रश्नाचे खरे उत्तर शोधा: पाच वर्षे तुम्ही तिथे नक्की राहणार आहात का? वाटेतच परतायचे झाले तर त्याचा भार तुमच्यापेक्षा तिच्यावर अधिक पडेल. आणि घरी बसून ऑनलाइन भारतीय शाळा करू, हा मधला मार्ग कोणी सुचवला तर त्या नादी लागू नका; जर्मनीत प्रत्यक्ष शाळेत जाणे सक्तीचे आहे, घरच्या घरी शिकवण्याची मुभा नाही.

पाटीवाली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघांनी बसून बोललो आणि मे महिन्याचे ठरले. व्यावसायिक जिम्नॅशियमच्या तांत्रिक शाखेविषयी वाचून दाखवल्यावर तिने पहिल्यांदाच आपणहून प्रश्न विचारला: तिथे प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काही करू देतात का? दहावीची पुस्तके मात्र तिने परत केली नाहीत. विज्ञान भाग १ बरोबर न्यायचे म्हणते, नेऊ दे. सासूबाईंची समजूत काढणे बाकी आहे.

दोनच शंका. कागदपत्रे नेमकी कोणती न्यावीत? आणि मे महिन्यात पोहोचून सप्टेंबरपर्यंत ती रिकामी बसेल का, कारण तिकडचे वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते असे ऐकले.

नेकारकाठ

रिकामी बसणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर लागते, म्हणून मे महिन्यात आल्याबरोबर नगरपालिकेत पत्ता नोंदवा आणि त्याच आठवड्यात शाळेची चौकशी सुरू करा. मध्ये दोन आठवड्यांची आणखी एक सुट्टी आहे, ती धरूनही पूर्वतयारी वर्गात सात-आठ आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत ती फार काही शिकणार नाही, पण सप्टेंबरमध्ये वर्गातली दोन-चार नावे तिच्या ओळखीची असतील.

कागदांत सातवी, आठवी आणि नववीच्या शिक्क्यानिशी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे एक पत्र आणा, ज्यात कोणते विषय आठवड्याला किती तास शिकवले हे लिहिलेले असेल. हे पत्र कोणी मागत नाही, पण वर्ग ठरवताना आम्हाला त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्या.

आणि लसीकरणाचे कार्ड विसरू नका. मार्च २०२० पासून इथे शाळेत जाण्यासाठी गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे, आणि दोन मात्रा दाखवाव्या लागतात. तुमच्या मुलीला एखादी मात्रा २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळेतच मिळाली असेल. तेव्हा हाती दिलेले कार्ड बहुतेक घरांतून हरवले आहे. ते आजीच्या कपाटात सापडते का पाहा. नाही सापडले तर इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती असल्याचे लिहून दिलेलेही चालते, पण भेटीची वेळ मिळेपर्यंत जून उजाडतो.