नाव न कळलेल्या पतंगांची नोंद ठेवायची का?

रातकिडी
फुलपाखरांच्या नोंदी मी बऱ्याच काळापासून करते, तिथे फारसं अडत नाही. हल्ली रात्री पतंगांसाठी पांढरा पडदा टांगून दिवा लावायला लागले आणि सगळं गणितच बिघडलं. हॉकमॉथसारखे मोठे ओळखू येतात, पण पडद्यावरची निम्मी मंडळी नखाएवढी, मातकट, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. ज्याचं नावच माहीत नाही त्याची नोंद करून उपयोग काय? आणि रात्री बारानंतर आलेल्याला तारीख कोणती लावायची?

जुनाकंदील
सोडू नका हो! कोणी पाहिलं, कुठे, कधी, हे त्याच रात्री लिहावं लागतं. काय पाहिलं ते दहा वर्षांनीही कुणी सांगू शकेल, फोटो धड असेल तर. उलट ‘बहुतेक हाच’ म्हणून ठोकून दिलेलं नाव निस्तरताना जीव जातो. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या ॲपवर) मी अशा वेळी नुसतं कुळ (फॅमिली) लावतो आणि गप्प बसतो. कुळासाठी बसायची ढब बघायची. अंगाने बारीक आणि पंख सपाट पसरून पडद्याला चिकटलेला असेल तर बहुधा जिओमेट्रिड. त्रिकोणी बसलाय आणि डोक्यापुढे नाकाड काढलंय, तर क्रॅम्बिडकडे बघा.

फोटो सगळे वरूनच काढतात. तो हवाच, पण एक बाजूने घ्या, एक मिशांचा घ्या. नराच्या मिशा पुष्कळदा पिसासारख्या असतात, मादीच्या साध्या. आणि पतंग उडण्याआधी पंख थरथरवायला लागला की कॅमेरा तयार ठेवा, कारण पुढचे पंख सालीच्या रंगाचे असले तरी कधीकधी खरी खूण खाली झाकलेल्या मागच्या पंखांवर असते. पडद्याला मिलिमीटरची पट्टी चिकटवून टाका. नुसत्या फोटोवरून आकार कळत नाही, आणि ओळखणारा पहिला तोच विचारतो. इतकं करूनही काही जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तज्ज्ञालाही सांगता येत नाहीत. तिथे प्रजातीवर (म्हणजे जातीच्या वरच्या पायरीवर, जीनसवर) थांबायचं, त्यात कमीपणा नाही.

तारखेचं सोपं आहे. वहीत ‘१४-१५ ची रात्र’ असं लिहा, म्हणजे रात्र तुटत नाही. ॲपवर मात्र फोटोची खरी वेळ राहू द्या.

पानगळ
दिवा कोणता आणि किती ते किती वाजेपर्यंत, हेही लिहीत जा. अतिनील एलईडीवर येणारी गर्दी साध्या पिवळ्या बल्बवर येत नाही. पौर्णिमेच्या आसपासही पडदा ओस पडतो. हे न लिहिता पुढच्या वर्षी तुलना केलीत तर पतंग घटले असं वाटेल, घटलेला असेल फक्त अंधार. काहीच आलं नाही ती रात्रसुद्धा लिहा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरं मोजतात ती याच शिस्तीने: ठरलेली वाट, सावकाश चाल, आजूबाजूचा एकूण ५ मीटरचा पट्टा, बाहेरचं मोजायचं नाही.

सुरवंटप्रेमी
उजाडायच्या आत दिवा बंद करून पडदा हलक्या हाताने झुडपात झटका. नाहीतर सकाळी पक्ष्यांची पंगत बसते. अळी दिसली तर ती ज्या पानावर आहे त्या झाडाचाही फोटो घ्या, अर्धी ओळख झाडच सांगतं.

रातकिडी
पट्टी आजच लावते. कुळावर थांबायला मन राजी होत नव्हतं, ते झालं. दिव्याची वेळ मात्र मी कधी लिहिलीच नाही, आता लिहीन.

जुनाकंदील
छान. आता ते ‘फुलपाखरांत अडत नाही’ जरा तपासू या. बिबळ्या कडवा आणि दिसायला त्याच्यासारखीच डॅनेड एगफ्लायची मादी शेजारी बसल्या तर?

रातकिडी
कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके, नराला चार, मादीला तीन. एगफ्लायच्या मादीला मध्ये काही नाही, फक्त वरच्या कडेला एक काळा डाग. काका, एवढं येतं मला!

जुनाकंदील
मग जुन्या नोंदींतले उडत्या कडव्यांचे धूसर फोटो एकदा चाळा. एखादी एगफ्लाय त्यात दडून बसलेली असायची.