हौशी सिद्धांताला विज्ञान मंडळात माईक कधी द्यावा? (सोलापूर)

जुळे सोलापूर:
'पौर्णिमा-अमावास्येला भूकंप होतात' हा सिद्धांत मासिक बैठकीत मांडायचा अर्ज पुन्हा आलाय. आधार किल्लारीचा: आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला भूकंप, त्याच दिवशी पौर्णिमा. माझं म्हणणं, आधी एक पान भरून द्या: जागा, तारखांची मुदत, किमान तीव्रता, आणि काय घडलं तर सिद्धांत चुकला म्हणायचं. शेवटचा रकाना कोरा असेल तर अर्ज परत.

बाळीवेस:
अजिबात पटत नाही. वेगेनर मूळचा हवामानशास्त्रज्ञ, म्हणजे भूगर्भशास्त्रात बाहेरचाच. १९१२ मध्ये त्यानं 'खंड सरकतात' म्हटलं, मान्यता मिळायला १९६० चं दशक उजाडलं. शिवाय चंद्राचा संबंध अगदीच हवेतला नाही. भरतीचा ताण (चंद्र-सूर्याच्या ओढीनं खडकांवर येणारा) जास्त असताना मोठ्या भूकंपांची शक्यता थोडी वाढते, असं जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय.

होटगी रोड:
'थोडी' वाढते, एवढंच. त्यावरून तारीख सांगता येत नाही. आणि वेगेनर या पानात अडकला नसता हो! खंड का सरकतात ते त्याला नीट सांगता आलं नाही, पण मेसोसॉरस या नामशेष सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका, दोन्हीकडचे त्यानं पुढे ठेवले होते.

इथला हिशेब बघा. दोन्ही तिथींच्या मागेपुढे दोन-दोन दिवस धरले की साडेएकोणतीसपैकी दहा दिवस झाले. काहीच संबंध नसला तरी तिनातला एक भूकंप जुळणारच. भूज (२६ जानेवारी २००१) अमावास्येनंतर दोन दिवसांनी, म्हणून अशा सिद्धांतवाल्यांच्या यादीत. कोयना (११ डिसेंबर १९६७) दोन्हींपासून पाच दिवसांहून लांब, म्हणून गायब. जागा 'जगात कुठेही' लिहिली तर विचारूच नका. ५ तीव्रतेच्या वरचे भूकंप वर्षाला हजाराहून जास्त होतात.

बाळीवेस:
हिशेब मान्य. पण अर्ज परत केला तर हा हिशेब त्या माणसाला कळणार कसा? दहा मिनिटं द्या आणि फळ्यावर त्याच्याच हातानं १९६७, १९९३, २००१ मांडून घ्या.

जुळे सोलापूर:
चालेल, पण भूकंप त्यानं निवडायचे नाहीत. यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) नोंदींतून भारताची चौकट टाकून ५ च्या वरचे सगळे घ्यायचे, आफ्टरशॉक (मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के) गाळून. ते राहिले तर एकाच भूकंपाच्या कितीतरी नोंदी एका तिथीभोवती गोळा होतात आणि नसलेला उंचवटा आलेखात दिसतो.

बाळीवेस:
मग ती आफ्टरशॉक गाळलेली यादी मंडळानं करून द्यावी. हौशी माणसाकडून ती अपेक्षा धरणं म्हणजे दार बंदच ठेवणं.