हिरव्या चौकटीत न आलेले आतडे

शंकेखोर
‘एआयची मदत न घेता कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करणे ही यापुढे रुग्णाची हेळसांडच मानली पाहिजे,’ असे ‘आशावादी’ यांनी काल लिहिले. अनेक वर्षे हातात दुर्बीण धरत आलेला माणूस म्हणून हे वाक्य मला झोंबले. ही प्रणाली पडद्यावर आलेल्या चित्रातील संशयास्पद जागेभोवती हिरवी चौकट काढते. जे आतड्याच्या वळीमागे दडले किंवा पिवळ्या गाळाखाली झाकले गेले, त्याभोवती ती चौकट कुठून काढणार? दुर्बीण बाहेर घेताना किमान सहा मिनिटे देणाऱ्यांना ॲडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या अस्तरावरील गाठी) अधिक सापडतात, हे २००६ सालीच दिसून आले होते, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते. शिवाय पोलंडमधील चार केंद्रांचा २०२५ सालचा अभ्यास पाहावा. तेथे एआय रुळल्यानंतर, त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत ॲडिनोमा सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरले. आयते दाखवणारा मिळाला की नजर आळशी होते.

आशावादी
वाक्य झोंबले याचा मला खेद नाही. माझ्या वडिलांच्या कोलोनोस्कोपीचा अहवाल ‘काही आढळले नाही’ असा आला आणि दोन वर्षांनी आतड्याच्या उजव्या भागात कर्करोग निघाला. त्या दिवशी कोणाची नजर किती ताजी होती, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेस सुमारे एक चतुर्थांश ॲडिनोमा निसटलेले आढळले आहेत. इटलीत ६८५ जणांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एआयसह ५४.८ टक्के रुग्णांत ॲडिनोमा सापडले, त्याविना ४०.४ टक्क्यांत. आपला पोलंडचा अभ्यास केवळ निरीक्षणाचा आहे; आधीचे आणि नंतरचे रुग्ण वेगळे होते, हे आपण सोयीस्करपणे गाळले.

निवृत्त परिचारिका
आपण दोघेही पडद्याविषयी भांडत आहात. पडद्यावर काय दिसणार, हे तपासणीपूर्वीच ठरलेले असते. आतडे साफ करणाऱ्या जुलाबाच्या औषधाचा दुसरा भाग तपासणीच्या दिवशी, काही तास आधी घ्यायचा असतो. सूचनापत्रात ‘दोन भागांत घ्यावे’ एवढेच छापलेले असल्याने एका आजोबांनी दोन्ही भाग संध्याकाळी एका तासात संपवले. सकाळी आतड्याच्या सुरुवातीचा भाग इतका भरलेला होता की डॉक्टरांचा निम्मा वेळ पाणी मारण्यात आणि ओढून घेण्यात गेला. महागडे यंत्र आणण्याआधी ते सूचनापत्र मोठ्या अक्षरांत छापावे, ही विनंती मी नोकरीत असताना किती वेळा केली असेल, त्याची गणतीच नाही.

चौथा पेला
औषधाचा विषय निघालाच आहे, तर हेही लिहितो की ते खारट पाणी कोणाही माणसाला पूर्ण पिता येत नाही. चौथ्या पेल्यानंतर उरलेले मी बेसिनमध्ये ओतले आणि विचारल्यावर ‘सगळे घेतले’ असे सांगितले. पुढे तपासणी पुन्हा करावी लागली, ती गोष्ट वेगळी.

निवृत्त परिचारिका
ती गोष्ट वेगळी नाही, तीच गोष्ट आहे! आपण खोटे बोललात आणि तपासणी अपुरी राहिल्याचे बोल आमच्या विभागाने ऐकले. गार करून, नळीने सावकाश प्यायल्यास ते जाते. उलटी होत असेल तर थोडे थांबून पुन्हा सुरू करता येते. हे विचारण्यासाठी एक फोन पुरला असता.

चौथा पेला
फोन केला होता. कोणी उचलला नाही. उपदेश करण्यापूर्वी आपण स्वतः ते कधी प्यायला आहात का?

निवृत्त परिचारिका
दोनदा, आणि शेवटच्या थेंबापर्यंत.

शंकेखोर
मूळ मुद्द्याकडे येतो. एआयमुळे वाढलेली भर बहुतांशी पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान पॉलिपांची, म्हणजे अस्तरावरील गाठींची, असते, आणि त्यांतील बहुतेकांचा कर्करोग कधीच होत नाही. ते काढले की पुढची तपासणी लवकर येते, म्हणजे पुन्हा ते औषध आणि पुन्हा तो बेसिन. याच कारणांमुळे ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने २०२५ साली सरसकट वापराविरुद्ध शिफारस केली.

आशावादी
सौम्य शिफारस, तो शब्दही गाळलात. डॉक्टरला ॲडिनोमा सापडण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की पुढे उद्भवणाऱ्या कर्करोगाचा धोका तीन टक्क्यांनी घटतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेले आहे.

शंकेखोर
ते प्रमाण डॉक्टरच्या काळजीपूर्वक पाहण्याचे माप होते. चौकटीने फुगवलेल्या आकड्याला तोच अर्थ आपोआप लागू होत नाही. तरीही एक कबुली देतो, आपण तिचा विजयध्वज कराल हे ठाऊक असूनही. गेल्या महिन्यात, दिवसातील शेवटच्या तपासणीत, चौकट आधी उमटली आणि मी नंतर पाहिले. अस्तराच्याच रंगाचा सपाट पॉलिप होता, वर चिकट श्लेष्माची पातळ साय. चौकट नसती तरी तो मला दिसलाच असता, असे वाटते.

आशावादी
‘असे वाटते’ हे शब्द माझ्या वडिलांच्या अहवालातही लिहिले असते, तर आम्ही दुसरीकडे दाखवले असते.

निवृत्त परिचारिका
त्या शेवटच्या रुग्णाने औषधाचा दुसरा भाग वेळेवर घेतला होता का, तेवढे कृपया सांगावे.