बेअर, नेकेड आणि बोडकं डोकं
कुणीतरी म्हटलंय की इंग्रजीतलं बेअर (bare) काय नि नेकेड (naked) काय, मराठीत दोन्हीला नागडा म्हणा अन् मोकळे व्हा. नाही पटलं. नेकेड आणि आपला नग्न एकाच जुन्या मुळातून आलेत, त्यामुळे कपड्यांची भानगड त्याला चिकटलेलीच, बेअरला तेवढी नाही. इंग्रजीत पाय, डोकं, डोंगर सगळ्याला बेअर चालतं, आपण मात्र पाय अनवाणी म्हणतो, डोकं बोडकं, आणि आमच्या माण-खटावचे डोंगर पण बोडकेच (उन्हाळ्यात येऊन बघा).

सांगलीत माझा एक वायरमन मित्र आहे, खांबावरच्या तारेला तो बेअर कंडक्टर (म्हणजे मुळातच वर आवरण नसलेली तार) म्हणतो, पण घरातल्या वायरचं प्लास्टिक उंदराने कुरतडून आतलं तांबं दिसायला लागलं की लगेच ओरडतो, "वायर नागडी झालीय, हात लावू नगा!"