पक्षीनिरीक्षण गटासाठी कोणते ॲप निवडावे?

सी ७०४ : नमस्कार मंडळी. रविवारच्या फेरीत सचिवांनी सुचवल्याप्रमाणे हा विषय सर्वांसमोर मांडत आहे. संदेश मोठा आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण तुकड्यातुकड्यांनी लिहिले असते तर मध्येच पाण्याच्या टाकीची सूचना आली असती आणि धागा तुटला असता. आपली पहिली अडचण नेमकी हीच आहे.

सोसायटीच्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्ष्यांच्या नोंदी टाकायला लागलो तेव्हा आपण सातआठ जण होतो. आता शेजारच्या तीन इमारती धरून साठाच्या वर गेलो आहोत. परवा एका नव्या सभासदाने विचारले की भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला धोबी पक्षी गेल्या वर्षी केव्हा आले. मी ‘धोबी’ हा शब्द टाकून शोधले, तर पक्ष्याच्या दोन नोंदी आणि इस्त्रीवाल्याच्या सुट्टीच्या अकरा सूचना हाती लागल्या. शिवाय तो सभासद नंतर आलेला असल्यामुळे त्याच्या फोनवर त्या दोन नोंदीही नव्हत्या.

दुसरी अडचण माझ्याच चुकीतून निर्माण झाली. जूनमध्ये आपल्या मागच्या जंगलाच्या कडेला नवरंग चोचीत काडी घेऊन जाताना दिसला. मोबाइलने काढलेले ते छायाचित्र स्पष्ट दिसावे म्हणून मी फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करते आणि फाइलमध्ये दडलेली स्थळाची माहितीही काढून टाकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले की मूळ फाइल जीपीएसच्या आकड्यांसह जशीच्या तशी जाते. ती पुढे कोणाकोणाकडे गेली ते मला सांगता येणार नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच झुडपापाशी अनोळखी माणसे कॅमेरे लावून उभी होती आणि नंतर तो पक्षी तिथे दिसला नाही. म्हणून ॲप निवडताना सोयींइतकाच कोणती माहिती कुठपर्यंत पोहोचते याचाही विचार व्हावा, अशी विनंती आहे.

ए ३०२ : ताई, आपण मोकळेपणाने सांगितलेत हे बरे झाले. माझे म्हणणे इतकेच की व्हॉट्सॲपवरच वेगळा ग्रुप काढावा. एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला नवी बटणे शोधणे जमत नाही आणि फोनमध्ये जागाही उरलेली नाही.

डी ११०३ : काका, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण वेगळा ग्रुप काढला तरी सगळे संदेश एकाच ओळीत एकाखाली एक येत राहतील. आमच्या कॉलेजचा गट डिस्कॉर्डवर आहे. तिथे पाणपक्षी, जंगलातले पक्षी, ओळख पटवण्यासाठीची छायाचित्रे असे वेगवेगळे कप्पे करता येतात, नव्याने आलेल्याला मागचे सर्व वाचता येते आणि मोबाइल क्रमांक कोणाला दाखवावा लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण शेजारच्या इमारतींतील ज्यांना मी ओळखतही नाही, त्यांच्याकडे आज माझा क्रमांक आहे.

बी ५०१ : क्रमांकाचा मुद्दा योग्य आहे. मात्र डिस्कॉर्ड २०१५ मध्ये मुख्यतः व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी सुरू झाले आणि त्याचा तोंडवळा अजूनही तसाच आहे. आमच्या आईला मी ते दाखवले, तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला. शिवाय विनामूल्य खात्यातून १० एमबीहून मोठी फाइल जात नाही आणि आपल्यातील कॅमेरेवाल्यांची छायाचित्रे सहज त्यापुढे जातात.

आमच्या कचेरीत कामाच्या संवादासाठी स्लॅक हे ॲप आहे, म्हणून काही जण ते सुचवतील. विनामूल्य योजनेत तिथे फक्त मागच्या ९० दिवसांचे संदेश दिसतात. हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परत जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुन्हा येऊ लागतात, म्हणजे पक्षी परत येण्याआधीच आपल्या नोंदी दिसेनाशा होतील. पक्षीनिरीक्षकांना यापेक्षा निरुपयोगी नियम सुचणे कठीण आहे. झुलिप आणि मॅट्रिक्स या आणखी दोन संवादसेवांचे सॉफ्टवेअर खुले आहे आणि ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते, पण तो सर्व्हर रात्री बंद पडला तर उठून पाहणार कोण? मी पाहणार नाही, हे आत्ताच नम्रपणे नोंदवतो.

सचिव : मग सिग्नल का नको? ते ना-नफा संस्थेचे आहे आणि त्यावरील संवाद गोपनीय राहतो असे ऐकतो.

सी ७०४ : सचिवसाहेब, गोपनीयतेच्या बाबतीत ते या सर्वांत उजवे आहे. ग्रुपमधील संदेशही पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत आणि २०२४ पासून मोबाइल क्रमांक न दाखवता वापरनावावरून संपर्क साधता येतो. पण नव्या सभासदाला मागचे काही आपोआप दिसत नाही, म्हणजे धोबी पक्ष्याचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

मला टेलिग्रामचा विचार करावासा वाटतो. तिथे एकाच ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात, ॲडमिनने परवानगी ठेवली तर नव्या सभासदाला पहिल्या दिवसापासूनचे संदेश वाचता येतात, २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि क्रमांक लपवता येतो. सर्व मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहत असल्याने फोनमध्ये साठलेली छायाचित्रे पुसली तरी ती पुन्हा उतरवून घेता येतात. ३०२ च्या काकांची जागेची अडचण त्यामुळे दूर व्हावी. दोष मात्र याच सोयीत दडलेला आहे. टेलिग्रामच्या ग्रुपमधील संदेश सिग्नलसारखे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे कूटबद्ध नसतात, ती सोय फक्त दोघांमधल्या ‘सिक्रेट चॅट’ला आहे. फाइल म्हणून पाठवलेल्या छायाचित्रातील जीपीएसही तसेच राहते. तेव्हा नवरंगाच्या बाबतीत मी केलेली चूक तिथेही तितक्याच सहज होऊ शकते.

बी ५०१ : म्हणजे घरट्याची जागा कोणत्याच ॲपवर लिहायची नाही, असा नियमच करावा. कॅमेऱ्यातील स्थळनोंद बंद करण्याचे बटण प्रत्येक फोनमध्ये असते, ते मी सर्वांना दाखवीन. आणखी एक सुचवतो. पक्क्या नोंदी ईबर्डवर कराव्यात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचा तो उपक्रम २००२ पासून चालू आहे आणि ज्यांना उपद्रव होण्याचा धोका आहे अशा प्रजातींची नेमकी जागा तिथे इतरांपासून झाकली जाते. गप्पांचे ॲप गप्पांसाठी ठेवावे. ते आज आहे, उद्या नसेल. याहू ग्रुप्सवर जगभरातील छंदवाल्या मंडळींचा वर्षानुवर्षांचा मजकूर होता, तो डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच बंद झाली.

सचिव : टेलिग्रामवर गुंतवणुकीच्या नावाने फसवणारे फार असतात, म्हणून ग्रुप खाजगी ठेवावा आणि प्रत्येकाचा प्रवेश ॲडमिनच्या मंजुरीनेच व्हावा. ‘मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल’ या सेटिंगमध्ये प्रत्येकाने फक्त ओळखीच्यांना परवानगी द्यावी.

डी ११०३ : डिस्कॉर्डचा आग्रह मी सोडते. कप्प्यांची नावे मात्र मराठीतच असावीत, आणि ‘शुभ सकाळ’साठी कप्पा नसावा.

ए ३०२ : ‘शुभ सकाळ’ मी मुख्य ग्रुपवर पाठवत जाईन, तिथे कोणी हरकत घेऊ नये. टेलिग्राम घेतो, पण रविवारच्या फेरीची वेळ आणि जमण्याची जागा व्हॉट्सॲपवरही यावी, कारण सकाळी साडेपाचला मी एकच ॲप उघडतो.

सी ७०४ : काका, ते ठरले. फेरीची सूचना येथे येईल, बाकी सर्व टेलिग्रामवर, आणि पक्क्या नोंदी ईबर्डवर. ५०१ दर तीन महिन्यांनी टेलिग्रामच्या संगणकावरील आवृत्तीतून सर्व मजकूर उतरवून सोसायटीच्या हार्ड डिस्कवर ठेवतील, असे मी त्यांना न विचारताच लिहीत आहे.

बी ५०१ : चालेल. हार्ड डिस्क मात्र सचिवांनी आधी शोधून द्यावी. लेखापरीक्षणानंतर ती मला दिसलेली नाही.