फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला गाव ठाऊक असायला नको?

मांडवीकाठ:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘फ्लॅट दाखवणाऱ्या मुलांना गावाची माहिती हवीच कशाला? चांगले फोटो टाका, नकाशा पाठवा, काम झालं.’ ते वाचून झोप लागली नाही. सात वर्षं गोव्यात, पणजीजवळच्या पर्वरीत मी हेच काम करतेय.

गेल्या मे महिन्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) नवी लागलेली एक नर्स आली. कोल्हापूरची, इथे ओळखीचं कुणी नाही. आमचा पर्वरीचा फ्लॅट तिला फोटोतच आवडला होता. बांबोळी दहा-बारा किलोमीटर, नकाशावर काहीच वाटत नाही. मी आधी ड्युटी विचारली. सकाळी हायवेवर उड्डाणपुलाच्या कामाची कोंडी, आणि रात्री पाळी संपली की खाजगी बस नाही. म्हणून तिला बांबोळीजवळच्या मेरशीचा फ्लॅट दाखवला. भाडं हजाराने जास्त, तरी घेतला. तिच्या पाठोपाठ वॉर्डातल्या आणखी दोघी आल्या. फोटोंवर एकच भाडेकरू मिळाला असता, तोही तीन महिन्यांत सोडून गेला असता.

कोरडा नळ:
माझा अनुभव ऐका. आमच्या एजंटला सगळं ठाऊक होतं. पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता भोंपू वाजवत येतो, मासळीवाली कुठल्या वळणावर बसते, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान कुठे चांगलं. बायको खूश, डिपॉझिट दिलं. एप्रिल उजाडला आणि नळ एक दिवसाआड, तोही पहाटे. पुढे आमच्याकडे पाणी आणणारा तिळारी धरणाचा कालवा फुटला तेव्हा चौथ्या मजल्यावर बादल्या चढवल्या. एजंट त्याच वाड्यावरचा! गाव ठाऊक होतं, म्हणून काय लपवायचं तेही ठाऊक होतं.

म्हापसेकर:
माहिती राहू द्या, फ्लॅट आहेत कुठे? माझी बहीण चार महिने घर शोधतेय. आसगावात एकाने सांगितलं, ‘जून ते सप्टेंबर राहा, ऑक्टोबरला खाली करा, पर्यटक येतात.’ शाळेत जाणारी दोन मुलं घेऊन तिने ऑक्टोबरला कुठे जायचं?

भाटातलं घर:
घरमालकाला बोल लावणं सोपं आहे. माझ्या सासऱ्यांनी कांदोळीत एका कुटुंबाला दोन खोल्या दिल्या. त्या खाली करून घ्यायला १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली खटला अकरा वर्षं चालला. सासरे गेले, खटला राहिला. पर्यटक निदान चार दिवसांनी चावी परत करतो. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली नोंदणी केलीय, कर भरतो. आणखी काय करू?

म्हापसेकर:
तुम्ही नोंदणी केलीत, बाकीच्यांचं काय? आमच्या बिल्डिंगमध्ये बारांपैकी सात दारांना पर्यटकांसाठी आकड्यांची चावीपेटी टांगलीय. सेक्रेटरीला नोंदणीचं विचारलं की तो विषय बदलतो. रात्री दोन वाजता बॅगा ओढत येतात, चुकीची बेल दाबतात, आणि माझी सत्तरीची आई दार उघडायला उठते. त्या खटल्याची किंमत तिने का मोजायची?

भाटातलं घर:
आईंचं वाईट वाटतं, खरंच. पण आवाज चढवून बोलू नका. तुमच्या बहिणीला घर दिलं आणि तिने सोडलं नाही, तर माझ्या बाजूने उभे राहाल?

म्हापसेकर:
माझ्या बहिणीवर जाऊ नका. अकरा महिन्यांचा करार करा, पोलीस पडताळणी करा, पुढचे चेक आधी घ्या. ती सगळं द्यायला तयार आहे. तुम्हा लोकांना गोंयकार, इथला गोव्याचा भाडेकरूच नकोय, तेवढं सरळ बोला.

कोरडा नळ:
धागा माहितीबद्दल होता. मांडवीकाठ, उत्तर द्या. तुम्ही पाण्याचं सांगता का?

मांडवीकाठ:
विचारलं तर सांगते. न विचारता दर वेळी सांगितलेलं नाही, हे कबूल करते. त्या एजंटने केलं ते चूकच. पण जो गावात फिरलाच नाही, त्याला विचारून तरी काय मिळणार होतं?

कोरडा नळ:
एवढं मानतो. पण टँकर कधी किती आले, ते सोसायटीच्या वहीत लिहिलेलं असतं. मे महिन्याचं पान दाखवून मग डिपॉझिट घ्या. तेव्हाच विश्वास ठेवेन.

मांडवीकाठ:
ती वही मी आजवर मागितली नव्हती. सोमवारी मागते.

म्हापसेकर, म्हापशातच खोर्लीत माझ्या ओळखीच्या बाईंचा तळमजला महिनाअखेर रिकामा होतोय. त्यांना वर्षभर राहणारं कुटुंबच हवंय. अंगणात विहीर आहे, मेमध्येही पाणी असतं, मी स्वतः पाहिलंय. बहिणीला घेऊन या. फक्त शुक्रवारी सामान हलवू नका, म्हापशाच्या आठवडी बाजाराच्या गर्दीत टेम्पो अडकून पडेल.